मुहूर्ताची चावी

गेल्या आठवड्यात एका कागदाच्या कामासाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या बांधकाम कंपनीच्या ऑफिसात जावं लागलं. जुनं लोखंडी कपाट जाऊन तिथे सनमायकाचं आलं होतं. मालकांचा मुलगा सम्मेद याने फाइल काढायला त्याचं डावं दार उघडलं, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला जुनाच कागद चिकटवलेला दिसला. कडा पिवळ्या, एक कोपरा फाटका. निळ्या शाईत लिहिलेल्या अकरा ओळी, आठवी आणि नववीच्या मध्ये नंतर घुसवलेली एक बारीक ओळ, खाली दोन सह्या. वर शीर्षक: ‘आपण हिशेब कसा लिहितो’.

अक्षर दस्तगीर शिकलगार यांचं. ते या कंपनीचे हिशेबनीस होते.

कंपनी म्हणजे तीन खोल्या, पाच माणसं. मालक भूपालअण्णा. घराणं जैन शेतकऱ्यांचं, ऊस पिकवणारं. अण्णांनी पन्नाशीच्या सुमाराला स्वतःच्या प्लॉटवर एक इमारत बांधली, ती विकली गेली, मग दुसरी बांधली. मी भेटलो तेव्हा तिसरीचं काम गडमुडशिंगीत सुरू होतं. पाच मजले, बावीस फ्लॅट. मी तेव्हा एका दैनिकात शहराचं पान पाहत असे. घरबांधणीच्या बातम्या माझ्याकडे होत्या आणि अशा कंपन्यांची ऑफिसं मला परिचयाची होती. बहुतेक ठिकाणी भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र असतं. इथे चित्र होतं, पण ते कपाटावर उलटं टेकवून ठेवलेलं होतं. शिकलगारांना त्यातली झाडं खटकत. ‘ही झाडं कुठल्या खर्चात धरलीत ते मला कुणी सांगितलं न्हाय,’ असं ते म्हणत.

त्या कागदाचा जन्म मला अण्णांनी सांगितला. कंपनी झाल्यावर सीएने कळवलं की हिशेबाची धोरणं लेखी हवीत. उत्पन्न कधी धरणार, माल कसा मोजणार, व्याज कुठे टाकणार. सोबत त्याने इंग्रजी नमुना पाठवला, चार पानांचा. नाव भरा, सही करा, परत पाठवा. अण्णांनी पेन काढलं. शिकलगारांनी कागद मागे ओढला.

‘वाचलं काय?’

‘तुम्ही वाचलंय न्हवं?’

‘मी वाचलंय. सही तुमची लागणार हाय.’

दुसऱ्या दिवशी शिकलगार एका पानाचा मराठी कागद घेऊन आले. पहिली ओळ: एका इमारतीचा पैसा दुसरीला नाही. दुसरी: पोत्यातलं सिमेंट म्हणजे माल, भिंतीतलं सिमेंट म्हणजे खर्च. सातवी: बुकिंगचा पैसा ज्याचा त्याचा, चावी देईपर्यंत आपल्यावर देणं, त्याच इमारतीवर खर्च. आठवी: चावी दिली की उत्पन्न, आधी नाही. अण्णांनी अकराही ओळी मोठ्याने वाचल्या, दोन ठिकाणी हुज्जत घातली आणि सही केली. सीएला चार पानांचा इंग्रजी कागदही गेला, पण तो फाइलमध्ये राहिला. ऑफिस चाललं ते दाराच्या आतल्या कागदावर.

शिकलगार तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. अंगाने बारीक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. एक लाल, एक निळं. हिशेब संगणकावरच लिहिला जाई, पण त्याशिवाय ते एक जाड वही ठेवत. फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाचं त्यात एक पान. आलेला प्रत्येक हप्ता लाल शाईत. ज्या दिवशी चावी दिली त्या दिवशी पानाच्या तळाला एक निळी ओळ आणि घेणाऱ्याची सही. लाल म्हणजे लोकांचं, निळं म्हणजे आपलं. अण्णांनी घरखर्चाला पैसे उचलायचे ते निळ्यातून. नवी जमीन घ्यायची ती निळ्यातून. लाल रक्कम त्या इमारतीच्या विटा, लोखंड आणि मजुरी यांखेरीज कशालाच लागत नसे. बुकिंगच्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची कायद्याने सक्ती आहे. शिकलगार शंभर टक्के ठेवत. उरलेले तीस कायद्याने वापरायला मोकळे आहेत, असं सीएने दोनदा सांगून पाहिलं. ‘मोकळं हायत म्हंजे आपलं हायत काय?’ असं विचारल्यावर त्याने तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

टेबलावर त्यांची एक काचेची बरणी असे, गुळाच्या खड्यांची. येणाऱ्याला चहा मिळे आणि तो कार्यालयीन खर्चात पडे. पण तक्रार घेऊन आलेल्याला ते चहा सांगत नसत. त्याला गूळ आणि पाणी. गूळ त्यांच्या पदरचा होता. कंपनीवर चिडलेल्या माणसाला कंपनीच्या खर्चाने गप्प करणं त्यांना पटत नसावं. हे माझं अनुमान आहे, ते स्वतः कधी बोलले नाहीत.

अण्णांच्या घरी स्वयंपाकाचा ओटा नवा करायचा होता, तेव्हाची गोष्ट ऑफिसात सगळे सांगत. साइटवर काळ्या दगडाचे दोन तुकडे उरले होते. अण्णांनी ते परस्पर घरी नेऊन बसवले. आठवड्याने वहिनींच्या नावाने घरी बिल आलं. दगड, तो नेणाऱ्या टेम्पोचं भाडं आणि ओटा बसवणाऱ्या मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी, कारण तो अर्धा दिवस साइटच्या हजेरीत लागला होता. वहिनींनी फोन केला.

‘शिकलगारभावजी, घर कुणाचं आणि दगड कुणाचा?’

‘घर तुमचं, वैनी. दगड बावीस लोकांचा.’

वहिनींनी बिल भागवलं. पुढे कितीतरी दिवस त्या घरी आलेल्या पाहुण्यांना ओटा दाखवत आणि म्हणत, ‘बावीस जणांना विचारून बसवलाय.’

माझी थोरली बहीण, अक्का, नेसरीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर तिला कोल्हापूरजवळ राहायचं होतं. तिच्याकडे जे काही होतं ते भविष्य निर्वाह निधीचं आणि ग्रॅच्युइटीचं. ते संपलं की पेन्शनखेरीज काही उरणार नव्हतं. तिला पाचव्या मजल्यावरचा, पूर्वेकडचा फ्लॅट आवडला. मी कंपनीचे कागद तपासले, दोन वकिलांना विचारलं आणि हरकत नाही म्हणालो. म्हणजे या प्रकरणात माझीही थोडी जबाबदारी होती.

पहिला चेक द्यायला आम्ही दोघं गेलो. शिकलगारांनी पावती दिली, वही उघडली आणि नव्या पानावर लाल शाईने रक्कम लिहिली. अक्का वाकून बघत होती.

‘लाल का?’

‘हे तुमचं हाय, ताई. आमचं झालं की निळं करतो.’

‘पस्तीस वर्षं मी लाल शाई वापरली. चुका दाखवायला वापरत्यात ती.’

‘मग चूक दिसली की दाखवा. वही हितंच असती.’

अक्काने ते शब्दशः घेतलं. दर हप्त्याला ती वही मागून घेई, बेरीज स्वतः करी आणि परत देई. शिकलगारांना याचा राग आला नाही. उलट ती येणार असली की ते तिचं पान आधीच काढून ठेवत.

आता त्या घुसवलेल्या ओळीबद्दल. ती शिकलगारांच्या स्वतःच्या चुकीतून आली.

दुसऱ्या इमारतीच्या वेळी एका कुटुंबाला वसंत पंचमीला वास्तुशांत करायची होती. इमारतीला भोगवटा दाखला, म्हणजे लोकांनी इथे राहायला हरकत नाही असा सरकारी कागद, अजून मिळाला नव्हता. पण मुहूर्त दाखल्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे हे सगळीकडे चालतं. बिल्डर एका दिवसासाठी चावी देतो, पूजा होते, दूध उतू जातं, चावी परत येते. शिकलगारांनी चावी दिली, वहीत सही घेतली आणि सवयीने तळाला निळी ओळ लिहिली. त्या कुटुंबाने पूजेनंतर एक पलंग आणून टाकला, मग गॅस आणला, आणि चावी परत आलीच नाही. दाखला चार महिन्यांनी आला. मधल्या काळात वर्षाचा हिशेब बंद झाला होता आणि जे घर अजून पुरतं झालं नव्हतं ते उत्पन्नात धरलं गेलं होतं.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सीएच्याही नाही. पुढच्या वर्षी वही चाळताना शिकलगारांनी स्वतःच ते काढलं, सीएला कळवलं, हिशेब दुरुस्त करून घेतला आणि त्या पानावर लिहिलं, ‘चूक माझी. चावी आणि ताबा एकच धरला.’ खाली सही. मग कपाटाचं दार उघडून आठव्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं: मुहूर्ताची चावी संध्याकाळी परत, तो ताबा नव्हे. तेव्हापासून मुहूर्तासाठी जाणाऱ्या चावीला ते लाल दोरा बांधत. दोरा असलेली चावी गेली तर वहीत काही लिहायचं नाही.

सम्मेद हा अण्णांचा मुलगा. पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आणि ऑफिसात बसू लागला. हुशार, कष्टाळू. सकाळी सर्वांच्या आधी साइटवर असे. त्याला विमानतळाच्या बाजूला एक जमीन दिसली होती, भाव बरा होता, आणि एप्रिलमध्ये इसार दिला नाही तर ती हातची जाणार होती. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तिला कंपनीचा नफा दिसायला हवा होता. नफा दिसत नव्हता, कारण गडमुडशिंगीचे सगळे पैसे लाल होते.

त्या वर्षी पाडवा मार्च संपता संपता आला. बावीसच्या बावीस कुटुंबांना पाडव्याला पूजा करायची होती. सम्मेदने त्यातून वाट काढली. मी त्या दिवशी अक्काचा शेवटून दुसरा चेक द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं बोलणं माझ्यासमोर झालं.

शिकलगार बावीस चाव्यांना दोरे बांधत होते. सम्मेद समोर येऊन बसला.

‘चाचा, दोरे नका बांधू.’

‘का रं?’

‘लोकांना चाव्या परत मागायच्या नाहीत. फर्निचरसाठी ताबा म्हणून पत्रं देऊ. सगळे बिल्डर देतात. सही घेऊ, तुम्ही निळी ओळ लिहा. एकतीस मार्चच्या आत सगळं उत्पन्नात. लोक खूश, बँक खूश.’

‘लिफ्ट कुठं हाय?’

‘मेमध्ये बसेल.’

‘पाणी?’

‘लाइन आलीय खाली. जोडायची राहिलीय.’

‘दाखला?’

‘येणारच आहे की, चाचा. आज ना उद्या देणार ते घर आजच्या तारखेला दिलं तर कुणाचं काय वाईट होतंय?’

शिकलगारांनी गाठ मारली आणि पुढची चावी घेतली. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, ‘अण्णा, जरा भाईर या.’

अण्णा बाहेर आले. त्यांनी सगळं आतून ऐकलेलंच होतं. शिकलगारांनी एक कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला, वर निळं पेन ठेवलं.

‘मालक तुम्ही. तुम्ही म्हणाल ते मी लिवतो. फकस्त हितं तुमच्या हातानं लिवा, की आजपासनं बावीस घरांत माणसं राहू शकत्यात. सही करा. मग मी निळं करतो.’

‘धमकी देतायसा काय, शिकलगार?’

‘धमकी कसली? राजीनामा न्हाय दिलेला. कागद दिलाय.’

अण्णांनी बसून कागदाची चौकोनी घडी घातली. मग कागद खिशात घालून उठले आणि सम्मेदला म्हणाले, ‘गाडी काढ.’

पुढचं मला सम्मेदनेच नंतर सांगितलं. गडमुडशिंगीला पोचल्यावर अण्णा जिन्याने वर चढायला लागले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. दर मजल्यावर थांबत, कठड्याला धरत ते पाचव्या मजल्यावर गेले. समोर जो फ्लॅट उघडा होता त्यात शिरले, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. अण्णा तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले. सम्मेदला वाटलं, बरं वाटत नसेल.

‘हितं त्या नेसरीच्या बाई ऱ्हाणार हायत न्हवं?’ अण्णांनी विचारलं.

‘हो.’

‘वय काय त्यांचं?’

सम्मेदला माहीत नव्हतं. अण्णांनी खिशातला कागद काढला, फाडला, तुकडे परत खिशात घातले आणि खाली आले. ऑफिसात आल्यावर शिकलगारांना एवढंच म्हणाले, ‘दोरे बांधा.’

सम्मेदने इसार देता येणार नाही असं जमिनीवाल्याला कळवलं. जमीन गेली.

पाडव्याला इमारतीवर बावीस गुढ्या उभ्या राहिल्या. अक्काने वास्तुशांत छोटीच केली, नेसरीहून चारच माणसं आली होती. संध्याकाळी पाच वाजता शिकलगार खालच्या मजल्यापासून चाव्या गोळा करत निघाले. पाचव्यावर पोचले तेव्हा त्यांच्या पिशवीत एकवीस चाव्या होत्या. अक्का सतरंजीवर बसली होती. चावी तिच्या मुठीत होती.

‘आणि न्हाई दिली तर?’ ती म्हणाली. हसत नव्हती.

शिकलगार दारातच उभे राहिले. ‘तर मला खोटं लिवावं लागंल, ताई.’

‘अहो, पैसे दिलेत मी. नळ कोरडा असू दे, मी घागर आणीन. माझ्या घरात मला बसू द्या.’

मी काही बोलणार होतो, शिकलगारांनी हाताने थांबवलं. चपला काढून आत आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. त्यांनी स्वतःबद्दल जे काही सांगितलं ते तेव्हाच, आणि ते अक्काला सांगितलं. मी फक्त तिथे होतो.

‘मी सोळा वर्सं मार्केट यार्डात हुतो, ताई. गुळाच्या अडतीला. शेतकरी गुळाचं रवं, ढेपा आणून टाकणार, सौदा झाला की आमचा शेठ पैसं घेणार, अडत कापून बाकीचं पैसं पट्टीसंगं शेतकऱ्याला. पैसं आठ-धा दिस शेठच्या गल्ल्यात. शेठ वाईट न्हवता. एका साली त्या पैशातनं लॉरी घेतली. म्हणाला, महिन्यात भरून काढतो. मी वहीत लिवलं तो म्हणाला तसं. त्या साली गुळाचा भाव पडला. शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. शेठ घरात. पायरीवर मी. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे. त्यांनी मला इचारलं, दस्तगीर, तू लिवलंस न्हवं? मी व्हय म्हणालो.’

शिकलगारांनी चाव्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

‘त्या पायरीवर मला परत बसायचं न्हाय,’ शिकलगार म्हणाले.

अक्काने मूठ उघडली. चावीला लाल दोरा तसाच होता. ‘तारीख सांगा,’ ती म्हणाली.

‘तारीख मी सांगत न्हाय. नळाला पाणी आलं की पयला फोन तुम्हाला.’

फोन यायला चौदा महिने लागले.

लिफ्ट अजून यायची होती आणि जूनमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला. ज्यांच्याकडून अण्णांनी जमीन घेतली होती त्या कुटुंबाच्या वारस नोंदीत एका आत्याचं नाव राहून गेलं होतं. आत्या हयात होती, बेळगावकडे दिलेली. तिचा दावा खरा होता. निकाल लागेपर्यंत कुणालाही ताबा द्यायचा नाही, विक्री करायची नाही, असा हुकूम झाला. ही बातमी आमच्याही दैनिकाला द्यावी लागणार होती. माझ्या बहिणीचा फ्लॅट त्यात असल्याने मी ती लिहिणार नाही असं संपादकांना सांगितलं आणि ती दुसऱ्याने लिहिली. बातमी अचूक होती. तरी छापून आली त्या सकाळी राजारामपुरीतल्या जिन्यात तीस-चाळीस माणसं जमली. अक्काही नेसरीहून पहिल्या एसटीने आली. वाटेत तिने मला फोन करून एकच प्रश्न विचारला होता, ‘गेलं काय रे?’ मी तिला थेट ऑफिसात ये म्हणालो.

आत शिरलो तेव्हा एक जण टेबलावर हात आपटत होता.

‘बिल्डर पळाला म्हणत्यात. खरं काय?’

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. ‘बिल्डर हितं बसलाय. गुडघ्यांनी जिना उतरवत न्हाई, पळतोय कुठला.’

दोन-तीन माणसं हसली, बाकीची नाही. तो माणूस शिकलगारांकडे वळला. ‘ए म्हाताऱ्या, तू तरी सांग. पैसं कुठं हायत?’

‘बसा, पावणं. नाव सांगा,’ शिकलगार म्हणाले.

त्यांनी वही उघडली, त्याचं पान काढलं आणि त्याच्याकडे फिरवलं. पानावर सगळं लाल होतं. शेजारी त्यांनी त्या सकाळीच बँकेतून आणलेला इमारतीच्या खात्याचा उतारा ठेवला. आजवर या खात्यात काय आलं, कशावर गेलं, काय उरलं. जे गेलं ते पाच मजल्यांत उभं होतं आणि कुणालाही जाऊन बघता येत होतं. जे उरलं होतं ते लिफ्ट, पाणी आणि रंग यांना पुरून वर राहत होतं. एक रुपया इमारतीबाहेर गेलेला नव्हता.

‘ज्याला पैसं परत पायजेत त्यानं अर्ज द्यावा. तुमचंच हायत, आम्ही अजून आमचं म्हणलेलं न्हाय.’

मग गुळाची बरणी पुढे सरकवली. टेबलावर हात आपटणाऱ्याने नकळत एक खडा उचलला आणि तो तोंडात घालून उतारा वाचायला लागला. दुपारपर्यंत बरणी रिकामी झाली. गर्दी वाढली तेव्हा सम्मेदने दुसरी खुर्ची ओढली, शिकलगारांच्या शेजारी बसला आणि एकेकाचं नाव विचारून त्याचं पान वाचून दाखवू लागला. अक्काची पाळी आली तेव्हा तिने सवयीप्रमाणे बेरीज केली. बरोबर होती. बाहेर जिन्यात येऊन ती एका पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘चहा पाज रे. सकाळपासनं पोटात काय न्हाई.’ इतक्या मोकळ्या आवाजात तिला बोलताना मी अनेक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

बावीसपैकी तिघांनी पैसे परत मागितले. तिघांना ते आठवड्याच्या आत मिळाले. ही गोष्ट गावभर झाली आणि बाकीचे एकोणीस थांबले. बँक कर्मचाऱ्यांनी, वकिलांनी, अगदी दुसऱ्या बिल्डरांनीही मला तेव्हा विचारलं की एवढी छोटी कंपनी तगली कशी. विमानतळाजवळच्या जमिनीचा इसार या पैशातून दिला असता तर ती तगली नसती. सम्मेदने हे स्वतः माझ्याजवळ कबूल केलं, कुणी न विचारता.

आत्याशी तडजोड झाली. परत आलेल्या तीन फ्लॅटपैकी तिसऱ्या मजल्यावरचा एक तिला वाट्यापोटी दिला गेला. मनाई उठली. थांबलेली लिफ्ट बसली, पाणी जोडलं गेलं, दाखला आला. आणि एका सकाळी नेसरीच्या घरी फोन वाजला. अक्का सांगते, शिकलगारांनी नमस्कारही केला नाही. म्हणाले, ‘ताई, पाणी आलं.’

चाव्या द्यायच्या दिवशी मुहूर्त वगैरे नव्हता. साधा बुधवार होता. शिकलगार खालून वर एकेक मजला घेत होते. वही बगलेत, दोन्ही पेनं खिशात. प्रत्येक फ्लॅटची पद्धत एकच. कुटुंब दाराबाहेर उभं. शिकलगार कुलूप उघडून आत जाणार, स्वयंपाकघराचा नळ, न्हाणीघराचा नळ, दोन्ही पूर्ण सोडून बघणार, घट्ट बंद करणार, बाहेर येणार. मग दारातच वही उघडून निळी ओळ लिहिणार, सही घेणार आणि खिशातल्या छोट्या कात्रीने चावीचा लाल दोरा कापणार. कापलेले दोरे ते शर्टाच्या खिशात टाकत होते. सम्मेद चाव्यांची पिशवी धरून बरोबर होता. अण्णा लिफ्टने दोनदा वर-खाली करून खाली खुर्चीवर जाऊन बसले होते.

पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. अक्काचा फ्लॅट शेवटचा. शिकलगार आत गेले, दोन्ही नळ सोडले. पाण्याचा आवाज बाहेर आमच्यापर्यंत आला. त्यांनी ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाहू दिलं, असं मला वाटलं. मग बंद करून बाहेर आले. निळी ओळ लिहिली. अक्काने चष्मा लावून लाल रकमा वरून खाली तपासल्या, सही केली. नंतर पर्समधून तिचं जुनं लाल पेन काढलं आणि पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली, शाळेत वह्यांवर करत असे तशी मोठी.

‘याला पण लाल लागती,’ ती म्हणाली.

शिकलगारांनी खूण बघितली, वही मिटली, दोरा कापला आणि चावी तिच्या हातावर ठेवली. महिनाभराने ते निवृत्त होऊन मुलीकडे मिरजेला गेले. त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. त्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं:

उकाडा होता. सकाळपासून पाच मजले करून त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. ते जायला निघाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत वळून दाराशी आले. सकाळपासून त्यांनी या इमारतीतले चाळीसेक नळ कुणाला न विचारता सोडले होते. आता मात्र ते उंबऱ्याबाहेर थांबले.

‘ताई, जरा तोंड धुऊ काय?’

‘इचारायचं काय त्यात, भाऊ?’ अक्का म्हणाली.

‘आता इचारायला पायजे,’ शिकलगार म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढून सम्मेदच्या हातात दिला आणि आत गेले.